चमक शेवटी बघा: मेंदूतल्या गाठीचा एमआरआय वाचायची आणि ग्रेडचा अंदाज बांधायची रीत

समजा, व्ह्यू बॉक्सवर तीन जणांच्या फिल्म शेजारी शेजारी लावल्या आहेत. पहिली आठ वर्षांच्या मुलाची: लहान मेंदूत (डोक्याच्या मागच्या-खालच्या भागातल्या सेरेबेलममध्ये) पाण्याची पिशवी आणि तिच्या भिंतीला चिकटलेला, कॉन्ट्रास्ट (शिरेतून टोचायचं, चित्र उजळवणारं औषध) दिल्यावर दिव्यासारखा उजळलेला गोळा. दुसरी ३४ वर्षांच्या तरुणाची. आयुष्यातली पहिली फिट आली म्हणून एमआरआय झाला. उजव्या फ्रंटल लोबमध्ये (कपाळामागच्या भागात) गाठ आहे, पण कॉन्ट्रास्टनं ती जराही उजळलेली नाही. तिसरी ६१ वर्षांच्या बाईंची. टेंपोरल लोबमध्ये (कानशिलाजवळच्या भागात) पसरट सूज आल्यासारखा भाग, कॉन्ट्रास्टला प्रतिसाद शून्य.

नव्यानं रेडिओलॉजीत आलेल्या निवासी डॉक्टरला विचारलं की यातला सर्वांत घातक ट्यूमर कुठला, तर दहातले आठ जण पहिल्या फिल्मवर बोट ठेवतात. तो पायलोसायटिक अ‍ॅस्ट्रोसायटोमा निघण्याची शक्यता मोठी, म्हणजे ग्रेड १. नीट काढता आला तर मूल बरं होतं. आणि त्या निरुपद्रवी दिसणाऱ्या तिसऱ्या फिल्ममधला ट्यूमर जनुकीय तपासणीत ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे ग्रेड ४ ठरू शकतो.

म्हणून ही रीत लिहून काढतो आहे. मुख्यतः निवासी डॉक्टर आणि फॅमिली फिजिशियन यांच्यासाठी. घरात कुणाचा रिपोर्ट आला म्हणून वाचत असाल तरी वाचा, फक्त स्वतःच्या फिल्मवरून निदान करत बसू नका.

ग्रेड आणि स्टेज

नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "डॉक्टर, कितवी स्टेज आहे?" स्तनाच्या किंवा तोंडाच्या कॅन्सरला स्टेज असते, कारण तो शरीरात किती पसरला हे मोजायचं असतं. मेंदूत उगम पावलेली गाठ सहसा मेंदूबाहेर जात नाही. तिला ग्रेड असते, १ ते ४. गाठीच्या पेशी किती आक्रमक आहेत, याचा तो आकडा.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये या वर्गीकरणाची पाचवी आवृत्ती काढली आणि रोमन आकडे जाऊन साधे आकडे आले. त्याहून महत्त्वाचा बदल म्हणजे सूक्ष्मदर्शकाच्या जोडीला जनुकांना मान मिळाला. मोठ्या माणसांतल्या पसरट ग्लायोमांचे (मेंदूच्या आधार देणाऱ्या पेशींच्या गाठींचे) आता तीनच मुख्य प्रकार उरले. आयडीएच जनुकात बदल असलेला अ‍ॅस्ट्रोसायटोमा, ग्रेड २, ३ किंवा ४. आयडीएच बदल आणि सोबत १पी/१९क्यू हे गुणसूत्रांचे तुकडे गळालेले असा ऑलिगोडेंड्रोग्लायोमा, ग्रेड २ किंवा ३. आणि आयडीएच बदल नसलेला ग्लायोब्लास्टोमा, तो कायम ग्रेड ४.

याचा एमआरआयशी संबंध काय? हाच की फिल्म बघून आपण ग्रेड ठरवत नाही, अंदाज बांधतो. सीडीकेएन२ए/बी हे जनुक दोन्ही प्रतींतून गळालेलं असेल तर अ‍ॅस्ट्रोसायटोमा थेट ग्रेड ४ होतो, आणि ते गळालेलं कुठल्याही मॅग्नेटला दिसत नाही. तरीही अंदाज नेमका हवा, कारण सर्जन सुई कुठे घालणार, घाई करणार की थांबणार, हे बरंचसं त्यावर ठरतं.

मशीनकडे नेण्याआधी

मॅग्नेट कधीच बंद नसतो, रात्रीसुद्धा नाही. पेसमेकर, मेंदूतल्या रक्तवाहिनीला लावलेली जुनी क्लिप, कानात बसवलेलं कॉक्लिअर इम्प्लांट याची चौकशी प्रत्येक जण करतो. आपल्याकडे राहून जातात त्या गोष्टी वेगळ्या: साडीच्या निऱ्यांतली सेफ्टी पिन, पदराची जर, केसातला आकडा, जोडवी, कमरेचा करदोटा, दंडावरचा ताईत. मंगळसूत्र काढायला पुष्कळ बायका कचरतात. अशा वेळी हुकूम सोडण्यापेक्षा टेक्निशियननं शांतपणे कारण सांगावं आणि ते नातेवाइकाच्या हातात द्यावं. सोनं मॅग्नेटकडे खेचलं जात नाही हे खरं, पण गाठणीत आणि फाशात दुसरा धातू असू शकतो, आणि मानेजवळचा धातू चित्र बिघडवतो.

क्रिएटिनिन बघा. ईजीएफआर (मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता) ३० च्या खाली असेल तर गॅडोलिनियमचा (कॉन्ट्रास्टमधल्या धातूचा) प्रकार आणि गरज दोन्हींचा पुन्हा विचार करा. आणि एक प्रश्न फॉर्मवर नसला तरी विचाराच: स्टिरॉइड सुरू झालं आहे का, आणि कधी? डोकं दुखतं म्हणून गावात डेक्सामेथासोन सुरू झालेलं असतं. लिम्फोमा (पांढऱ्या पेशींचा कॅन्सर) असेल तर तो काही दिवसांत फिल्मवरून जवळजवळ पुसला जातो, मग बायोप्सीतही काही हाती लागत नाही. म्हणून लिम्फोमाची शंका असेल आणि रुग्णाची स्थिती परवानगी देत असेल, तर बायोप्सीपर्यंत स्टिरॉइड लांबवतात.

कोणते सिक्वेन्स, कोणत्या क्रमानं

ट्यूमरच्या पाठपुराव्यासाठी २०१५ मध्ये एक किमान प्रोटोकॉल एकमतानं ठरला. १.५ टेस्लाच्या मशीनवरही तो जमतो. सिक्वेन्स म्हणजे त्याच मेंदूची वेगवेगळ्या तऱ्हेनं काढलेली चित्रं. आधी कॉन्ट्रास्टशिवाय थ्रीडी टी१, मग फ्लेअर (टी२ सारखंच, पण मोकळं पाणी काळं करणारं), मग डिफ्यूजन (पाण्याचे रेणू किती मोकळे हलतात ते दाखवणारं). त्यानंतर कॉन्ट्रास्ट टोचायचं, लगेच टी२ (यात पाणी पांढरं दिसतं) घ्यायचं आणि शेवटी कॉन्ट्रास्टनंतरचं थ्रीडी टी१.

कॉन्ट्रास्ट टोचल्यावर आधी टी२ का, असं टेक्निशियन हमखास विचारतात. कॉन्ट्रास्ट गाठीत झिरपायला काही मिनिटं लागतात. तेवढा वेळ टी२ मध्ये जातो, आणि दर वेळी तेवढाच जातो. आज दोन मिनिटांनी आणि पुढच्या खेपेला दहा मिनिटांनी चित्र काढलं, तर गाठ जागच्या जागी असूनही मोठी झाल्यासारखी दिसेल.

डोस किलोमागे ०.१ मिलिमोल. एका मिलिलिटरमध्ये अर्धा मिलिमोल असलेलं नेहमीचं औषध असेल तर किलोमागे ०.२ मिली, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२ मिली. याला एसडब्ल्यूआय (रक्त आणि चुना टिपणारं चित्र) जोडा, आणि मशीन व वेळ असेल तर परफ्यूजन. स्पेक्ट्रोस्कोपी (गाठीतली रसायनं मोजणारी तपासणी) सरसकट नको, नेमका प्रश्न असेल तेव्हाच.

पायरी पहिली: गाठ मेंदूत आहे की मेंदूबाहेर

कॉन्ट्रास्टची चित्रं बंद ठेवा. हे खरंच करा, ती विंडो मिनिमाइझ करा. टी२ उघडा. गाठ आणि मेंदू यांच्यामध्ये पाण्याची पांढरी रेघ दिसते का? मेंदूचा करडा काठ आत ढकलला गेलाय का? तसं असेल तर गाठ बाहेरून दाबते आहे, आणि मोठ्या माणसात मेनिंजिओमा (मेंदूच्या आवरणाची गाठ) सर्वांत आधी आठवावा. तोही कॉन्ट्रास्टनं झगझगीत उजळतो आणि बहुतेक वेळा ग्रेड १ असतो. चमक फसवते ती अशी.

गाठ आतली असेल तर वय आणि जागा एकत्र मांडा. मुलाच्या लहान मेंदूत एक यादी, तरुणाच्या फ्रंटल लोबमध्ये दुसरी, साठीपुढच्या माणसात तिसरी. मुलाच्या ब्रेनस्टेममधली किंवा थॅलॅमसमधली पसरट गाठ कितीही सौम्य दिसो, एच३ के२७ बदलाचा मिडलाइन ग्लायोमा असू शकतो, आणि तो ग्रेड ४ धरतात.

पायरी दुसरी: ही गाठ ट्यूमरच आहे का

परदेशी पुस्तकं हे प्रकरण दोन परिच्छेदांत उरकतात. भारतात इथेच सर्वांत जास्त वेळ द्यायला हवा. आपल्याकडे मेंदूतली कडं धरणारी (कॉन्ट्रास्टनं फक्त किनार उजळणारी) गाठ ही क्षयाची असू शकते, पट्टकृमीच्या अळीची असू शकते, पू साठलेला गळू असू शकतो आणि अर्थात ट्यूमरही असू शकतो.

आधी डिफ्यूजन आणि एडीसी (डिफ्यूजनमधूनच काढलेला नकाशा) शेजारी ठेवा. पोकळीच्या मध्यभागी डिफ्यूजन पांढरं आणि एडीसी काळं असेल तर आत घट्ट पू आहे, गळू समजा. ट्यूमरच्या मधला सडलेला भाग पातळ असतो, तिथे एडीसी सहसा पांढरं राहतं. पुष्कळदा या एका जोडीवर पाच मिनिटांत उत्तर मिळतं आणि रुग्ण रेडिओथेरपीऐवजी अँटिबायोटिककडे जातो.

क्षयाच्या घट्ट गाठीचा गाभा टी२ वर काळपट दिसतो, ट्यूमरचा सडका गाभा पांढरा. अळीची गाठ सहसा छोटी, गोल आणि नीटस असते, आणि आत अळीच्या डोक्याचा ठिपका सापडला तर वादच मिटला. वेल्लोरच्या न्यूरोसर्जननी सीटीवरून मांडलेला २० मिलिमीटरचा नियम आजही कामाला येतो: त्याहून लहान, कडा गुळगुळीत आणि मेंदू एका बाजूला सरकलेला नाही, तर अळीकडे झुका. त्याहून मोठी, वेडीवाकडी आणि मेंदू सरकवणारी असेल तर क्षयाचा विचार करा. छातीचा एक्स-रे मागवायला लाजू नका. त्यात क्षय दिसेल, किंवा फुप्फुसातला कॅन्सर दिसेल आणि मेंदूतली गाठ तिथून आलेली ठरेल.

पुढे कॉन्ट्रास्ट उघडल्यावर कडं अपुरं, घोड्याच्या नालासारखं एका बाजूनं उघडं दिसलं तर डीमायलिनेशन (मज्जातंतूंचं आवरण झिजण्याचा आजार) आठवा. अशा रुग्णाची कवटी विनाकारण उघडली गेली तर ते आपलं अपयश असतं.

पायरी तिसरी: टी२ आणि फ्लेअर समोरासमोर

आता आपला ३४ वर्षांचा तरुण. त्याची गाठ टी२ वर जवळजवळ एकसारखी पांढरीशुभ्र आहे. फ्लेअरवर मात्र तीच गाठ आतून काळवंडलेली आणि कडेनं पांढरी किनार. याला टी२-फ्लेअर मिसमॅच म्हणतात. ही खूण २०१७ मध्ये वर्णन झाली. ती काटेकोरपणे दिसली तर आयडीएच बदल असलेला, १पी/१९क्यू शाबूत असलेला अ‍ॅस्ट्रोसायटोमा जवळपास नक्की समजायला हरकत नाही. उलटं खरं नाही: खूण दिसली नाही म्हणून तो नाही असं होत नाही. 'काटेकोरपणे' हा शब्दही महत्त्वाचा. टी२ वर गाठ ठिगळठिगळ असेल, किंवा फ्लेअरवर एखाद्याच कोपऱ्यात काळी असेल, तर ओढूनताणून मिसमॅच म्हणू नका. मुलांमध्ये इतर सौम्य गाठीही असं सोंग घेतात, तिथे हा नियम वापरूच नका.

मिसमॅच नसेल, गाठ फ्रंटल लोबच्या करड्या थरात घुसलेली असेल आणि एसडब्ल्यूआयवर चुन्याचे (कॅल्शियमचे) काळे खडे दिसत असतील, तर ऑलिगोडेंड्रोग्लायोमाकडे वळा. एसडब्ल्यूआयवर चुना आणि रक्त दोन्ही काळे दिसतात, फेज चित्र बघून फरक करा. जुना सीटी असेल तर तो मागा, चुना ओळखायला सीटीसारखं दुसरं काही नाही.

डिफ्यूजनकडे इथे पुन्हा यायचं, पण वेगळ्या प्रश्नासाठी. एडीसी जितकं कमी तितक्या पेशी दाटीवाटीनं. गाठीच्या घन भागात सर्वांत काळी जागा शोधा आणि तिचं ठिकाण लिहून ठेवा. सर्जनला सुई कुठे घालायची हे सांगताना ते लागेल.

पायरी चौथी: आता कॉन्ट्रास्ट उघडा

गॅडोलिनियम गाठीत शिरतं याचा अर्थ इतकाच की तिथे रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत गळकी आहे. पसरट ग्लायोमात भिंत बहुधा तेव्हा गळते जेव्हा गाठ नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या काढते, म्हणून तिथे चमक हे वाईट लक्षण. पायलोसायटिकमध्ये वाहिन्या मुळातच गळक्या आणि मेनिंजिओमा त्या भिंतीच्या बाहेरच, म्हणून त्या दोन्हींत चमकेचा ग्रेडशी संबंध नाही. आधी प्रकार, मग चमक. क्रम उलटला की घोटाळा झालाच.

जाड, वेडंवाकडं कडं, मध्ये सडलेली पोकळी, कॉर्पस कॅलोसम (मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा पूल) ओलांडून दुसऱ्या बाजूला पसरलेले पंख: साठीतल्या माणसात हे ग्लायोब्लास्टोमाचं चित्र आहे. भोवतीचा फ्लेअरवरचा पांढरा भाग 'सूज' म्हणून सोडून देऊ नका, त्यात ट्यूमरच्या पेशी पसरलेल्या असतात. मेटास्टॅसिसभोवतीची (दुसऱ्या अवयवातून आलेल्या गाठीभोवतीची) सूज मात्र बहुतांशी निव्वळ पाणी असतं.

एकसारखी भरीव चमक, एडीसी काळं, गाठ व्हेंट्रिकलला (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीला) लागून, तर लिम्फोमा. तिथे वर म्हटलेला स्टिरॉइडचा प्रश्न आठवा आणि फोन उचला, रिपोर्ट टाइप होईपर्यंत थांबू नका.

आणि चमक नसलेली गाठ? तरुणात ती बहुधा ग्रेड २ निघते, पण ग्रेड ३ सुद्धा न चमकता येते. पन्नाशी-पंचावन्नच्या पुढे तर 'चमक नाही म्हणून लो ग्रेड' हे वाक्य लिहूच नका. त्या ६१ वर्षांच्या बाईंच्या गाठीत आयडीएच बदल नसेल आणि टीईआरटी प्रमोटरमधला बदल, ईजीएफआर जनुकाच्या वाढलेल्या प्रती, किंवा सातव्या गुणसूत्राची भर व दहाव्याची घट यांपैकी काहीही एक सापडलं, तर सूक्ष्मदर्शकाखाली कितीही साधी दिसली तरी ती ग्लायोब्लास्टोमाच. 'सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय' असा सल्ला अशा रुग्णाला देणं महागात पडतं. या ईजीएफआरची वर मूत्रपिंडासाठी आलेल्या ईजीएफआरशी गल्लत करू नका, नावं सारखी आहेत इतकंच.

परफ्यूजन आणि स्पेक्ट्रोस्कोपी: साक्षीदार, न्यायाधीश नाहीत

परफ्यूजनमध्ये गाठीत किती रक्त खेळतं ते मोजतात. सर्वांत तापलेल्या रंगाच्या जागी छोटं वर्तुळ ठेवा, तसंच दुसऱ्या बाजूच्या निरोगी पांढऱ्या भागात ठेवा आणि भागाकार करा, तोच आरसीबीव्ही. मोठ्या रक्तवाहिनीवर वर्तुळ ठेवलंत तर कुठलीही गाठ ग्रेड ४ करता येते. २००३ मध्ये १६० ग्लायोमा रुग्णांच्या अभ्यासात १.७५ ही सीमा निघाली. तिनं ९५ टक्के हाय ग्रेड पकडले, पण लो ग्रेडना लो ग्रेड म्हणण्यात ती ५७.५ टक्क्यांवरच अडकली. त्यामागचं एक मोठं कारण ऑलिगोडेंड्रोग्लायोमा: तो ग्रेड २ असूनही रक्ताळ असतो. म्हणून आकडा १.७५ च्या वर गेला म्हणून लगेच घाबरू नका. कॉन्ट्रास्ट गाठीत झिरपलं तर आकडा खोटा कमी येतो, त्यासाठी सॉफ्टवेअरमधली लीकेज करेक्शन चालू आहे ना ते पाहा.

स्पेक्ट्रोस्कोपीत कोलीन (पेशींच्या आवरणाशी निगडित द्रव्य) वाढलेलं आणि एनएए (निरोगी चेतापेशींतलं द्रव्य) घटलेलं असेल तर ट्यूमरच्या बाजूनं मत पडतं. १.३ पीपीएमला लिपिडचं उंच शिखर आणि कोलीन फारसं नाही, तर क्षयाचा विचार परत करा. चौकोन कवटीच्या हाडाजवळ ठेवला तर टाळूची चरबीच आत घुसते आणि क्षयाचा भास होतो. ही चूक मी स्वतः केली आहे, सीनिअरनं ओरडल्यावर चौकोन दोन सेंटिमीटर आत सरकवला आणि शिखर नाहीसं झालं.

रिपोर्ट कसा लिहायचा

भाषा इंग्रजी असेल, विचार मात्र सरळ हवा. 'प्रायमरी निओप्लाझम, क्लिनिकल कोरिलेशन आवश्यक' असं लिहून सुटका करून घेणारे रिपोर्ट सर्जन वाचतच नाहीत. आपल्या तरुणासाठी निष्कर्षाचा आशय असा असावा:

"उजव्या फ्रंटल लोबमध्ये मेंदूच्या आतली ४२ × ३६ × ३४ मिमी गाठ. टी२-फ्लेअर मिसमॅच स्पष्ट. चुना किंवा रक्तस्राव नाही. चमक नाही. आरसीबीव्ही वाढलेला नाही. आयडीएच बदल असलेला अ‍ॅस्ट्रोसायटोमा सर्वांत संभाव्य, चित्रावरून ग्रेड २ कडे कल. अधिक ग्रेड चित्रावरून नाकारता येत नाही. एडीसी सर्वांत कमी गाठीच्या मागच्या-आतल्या कोपऱ्यात, नमुना घ्यायचा तर तिथून."

प्रकार, कल, कलाची कारणं, शंका आणि सुईची जागा, पाचही त्यात आलं. बाईंसाठी हाच साचा, फक्त कल लिहिताना वय ठळक मांडा आणि जनुकीय तपासणीची शिफारस करा.

उपचारानंतर

ऑपरेशननंतरचा पहिला एमआरआय ४८ तासांच्या आत, फार तर ७२. त्यानंतर जखमेच्या कडा आपोआप चमकू लागतात आणि उरलेली गाठ कुठली, भरणारी जखम कुठली, हे कळेनासं होतं. त्याच वेळी डिफ्यूजनही घ्या. ऑपरेशनमध्ये रक्तपुरवठा तुटलेला भाग आज टिपून ठेवला नाही, तर काही आठवड्यांनी तोच चमकून 'गाठ परत आली' असा गोंधळ उडवतो.

मोजमापासाठी रॅनो निकष (उपचाराला गाठीचा प्रतिसाद ठरवायचे नियम). सर्वांत मोठी लांबी आणि तिला काटकोनातली रुंदी यांचा गुणाकार करा. रेडिओथेरपी संपल्यानंतरच्या चित्रात ३० × २० म्हणजे ६०० होतं, आता ३६ × २२ म्हणजे ७९२. वाढ ३२ टक्के, म्हणजे गाठ वाढली म्हणायची २५ टक्क्यांची रेघ ओलांडली. पण रेडिओथेरपी संपून १२ आठवडे झाले नसतील तर ही वाढ खोटी असू शकते. मारा बसलेल्या ऊती सुजतात, वाहिन्या गळतात आणि गाठ वाढल्यासारखी दिसते. रुग्णाची तब्येत बरी असेल तर निदान ४ आठवड्यांनी पुन्हा चित्र काढून मगच उपचार बदलायचा विचार होतो. उलटा फसवा प्रकार बेव्हासिझुमॅबमध्ये: औषध वाहिन्यांची गळती थांबवतं, चमक काही दिवसांत ओसरते, घरचे पेढे वाटायला निघतात आणि फ्लेअरवरचा पांढरा भाग हळूहळू पसरत असतो. म्हणून तिथेही फ्लेअर आधी.

न चमकणाऱ्या ग्रेड २ च्या गाठीत वेगळीच गंमत होते. उपचाराशिवाय तिचा सरासरी व्यास वर्षाला साधारण ४ मिमी वाढतो. सहा महिन्यांत २ मिमी, म्हणजे मागच्या फिल्मशी ताडून पाहिलं की दर वेळी 'बदल नाही' असाच रिपोर्ट निघतो. पाच वर्षं असे दहा रिपोर्ट निघाले तर गाठ दोन सेंटिमीटरनं वाढलेली असते आणि दहाही रिपोर्ट आपापल्या जागी बरोबर असतात. नवा एमआरआय वाचताना मागची फिल्म लावा, पण सोबत सर्वांत पहिलीही लावा. घरच्यांनाही सांगा की पहिल्या तपासणीची सीडी गावाकडच्या कपाटात ठेवून येऊ नका, तिची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्या आणि प्रत्येक खेपेला बरोबर आणा.